मालूस वाचून दाखवणे

भीमाप्पांना माणूस दिसला की आधी त्याचा पत्ता आठवतो, मग नाव. निपाणीत अडतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाची ही खोड निवृत्त झाल्यावर जाणार तरी कशी? बाजारात कुणी नमस्कार केला की ते मनातल्या मनात 'वखारीची चाळ, खोली सात' म्हणतात आणि मग तोंडाने विचारतात, "काय रविराज, बरं हाय न्हवं?" सुलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, याचा भारी राग. "माज्याकडं बगून पन आदी खोली बाराच म्हनत असतील," असं त्या शेजारणींना सांगतात. ते खोटं नाही. खोली बारा त्या दोघांचीच.

वखारीची चाळ कुणा एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने आपल्या कामगारांसाठी बांधली. दोन मजले, बत्तीस खोल्या, मधे फरशीचं अंगण. वखार कधीच बंद पडली, तिच्या जागी मोटारींचं शोरूम आलं, पण उन्हाळ्यात भिंती तापल्या की तंबाखूचा वास अजून सुटतो आणि पाहुणे शिंकायला लागतात. चाळीतले लोक शिंकत नाहीत. एकाच अंगणात चौदा एप्रिलचा मंडप पडायचा आणि भाद्रपदात गणपतीचा, आणि दोन्हीकडे बांबू तेच असायचे.

भीमाप्पा या चाळीत राहायला आले ते एक्क्याऐंशी साली, आणि योगायोग असा की त्यांच्या फेरीतलं शेवटचं ठिकाणही हीच चाळ. दुपारी सायकलची घंटी वाजली की विड्या वळणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. पिशवी भिंतीला टेकवून भीमाप्पा अंगणातल्या नळावर तोंड धुवायचे आणि मग वाचनाला बसायचे. कारण नुसतं पत्र देऊन भागत नसे. चाळीत कन्नड सगळ्यांना बोलता यायचं, भांडताही यायचं, पण वाचता येणारे दोन-चारच, आणि मराठी वाचता येणाऱ्या बायकाही थोड्याच. भीमाप्पांना दोन्ही लिप्या यायच्या. बाळंतपणाची बातमी ते हसत वाचत आणि मयताची बातमी वाचायच्या आधी पाणी मागत. भीमाप्पांनी पाणी मागितलं की ज्याचं पत्र तो आधीच खाली बसायचा. काय दिवस होते ते. आता मोबाइलवर मयताची बातमी येते आणि खाली लोक हात जोडलेली चित्रं टाकतात. पाणी कुणी मागत नाही.

खोली एकोणीसमध्ये मालुबाई राहते. गुंजी गावची मुलगी, वखारीतल्या रवळूशी लग्न होऊन अठ्ठ्याऐंशी साली इथे आली. मूलबाळ झालं नाही आणि त्र्याण्णव साली रवळू काविळीने गेला. तेव्हापासून ती एकटी. आधी विड्या वळायची, मग हात थरथरायला लागले तेव्हा दोन घरच्या पोळ्या धरल्या. आता साठी उलटली. तिचं माहेरचं माणूस म्हणजे गुंजीची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काचं पोस्टकार्ड महिन्याला एक यायचं. ती सांगायची आणि तिचा नवरा लिहायचा. मालुबाईने प्रत्येक कार्ड तुळईच्या आकड्याला लटकवलेल्या तारेत ओवून ठेवलं. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं कार्ड ती विसरायची नाही.

मालकाच्या पुण्यातल्या नातवाने चाळ विकली. ज्या बिल्डरने घेतली त्याला तिथे सात मजली इमारत उभी करायची होती, आणि नगरपालिकेने चाळ धोकादायक ठरवलेलीच होती. चाळीने रहिवासी संघ काढला. खोली सोळाचे केशवगुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, अध्यक्ष झाले आणि चिटणीस अर्थातच भीमाप्पा. गुरुजींची नात ऋचा बेळगावात वकिली करते, तिने कागदपत्रं फुकट बघायचं कबूल केलं. भांडण चिकोडीच्या कचेरीत गेलं आणि तिथल्या अधिकारी मॅडमनी ठरवून दिलं की ज्याचा पंचवीस वर्षांचा सलग रहिवास सिद्ध होईल, त्याला नव्या इमारतीत एक खोली. बाकीच्यांनी घर रिकामं करायचं.

आता चाळीतल्या लोकांकडे कागद कुठले? कुणाचे पुरात भिजले, कुणाचे उंदरांनी खाल्ले. पण भीमाप्पा होते. त्यांनी दोन दिवस बसून बत्तीस खोल्यांची यादी तोंडपाठ सांगितली. कोण कुठल्या साली आलं, कोणाच्या नावाने पहिलं पत्र कुठून आलं, सगळं. ऋचाने ते टाइप करून प्रतिज्ञापत्र केलं. "आजोबा, एवढा चांगला साक्षीदार मला कोर्टातसुद्धा मिळालेला नाही," ती गुरुजींना म्हणाली. भीमाप्पा चार दिवस जरा ताठच चालत होते. सुलाबाईंनी ते बरोबर हेरलं होतं.

पहिल्या सुनावणीत बिल्डरच्या वकिलाने यादीतल्या फक्त एका खोलीवर बोट ठेवलं. खोली एकोणीस. बाईचं रेशनकार्ड गुंजीचं, मतदान गुंजीचं. हे खरं होतं. मालुबाई दर निवडणुकीला आगगाडीने गुंजीला जायची, मत टाकायची आणि आक्काकडे चार दिवस राहून यायची. इकडे अशी पुष्कळ माणसं आहेत. पोट एका गावात आणि मत दुसऱ्यात. भाड्याच्या पावत्या मेलेल्या रवळूच्या नावाने फाटत राहिल्या होत्या, त्या कुणीही फाडून घेतल्या असतील असं वकील म्हणाला. आणि मग त्याने जुन्या मालकाच्या कपाटातून निघालेला एक पिवळा पडलेला लखोटा मॅडमसमोर ठेवला. चौऱ्याण्णव सालचं रजिस्टर पत्र. मालुबाईच्या नावाने, खोली एकोणीस. न पोचता परत गेलेलं. वर लाल शाईत इंग्रजी शेरा, 'लेफ्ट', म्हणजे इथून निघून गेली, पत्ता माहीत नाही. खाली पोस्टमनची सही.

भीमाप्पांना सही वाचायची गरज पडली नाही. लाल शाईतलं ते अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं.

चौऱ्याण्णवचा जून होता. रवळूला जाऊन वर्ष झालं नव्हतं तोच मालकाच्या कारकुनाने खोली खाली करण्याची नोटीस धाडली. एकटी बाई आहे, घाबरून जाईल, असा त्याचा हिशेब. भीमाप्पा रजिस्टर घेऊन दारात गेले तेव्हा मालू चुलीपुढे बसली होती. लखोट्याकडे बघून ती म्हणाली, "अण्णा, मी घेनार न्हाय. हे घेटलं की मला जावं लागंल. न्हाय म्हनून लिवा." भीमाप्पा तिथेच उभे राहिले. पोस्टमनला एक गोष्ट माहीत असते. 'घेण्यास नकार' असा शेरा मारला की कोर्ट ते पत्र पोचलं असंच धरतं. नाही म्हणून ती सुटणार नव्हती, उलट अडकणार होती. सुटायचा एकच मार्ग होता. त्यांनी लाल पेन काढलं, दाराच्या चौकटीवर लखोटा टेकवला आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या देखत लिहिलं की ही बाई इथे राहत नाही.

लखोटा परत गेला. पुढच्याच वर्षी म्हातारा मालक वारला, वारसांत भांडणं लागली आणि भाडं वसूल करण्यापलीकडे चाळीकडे पंचवीस-तीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण भीमाप्पांच्या मनातली धास्ती गेली नाही. जी बाई राहत नाही तिला दर महिन्याला पोस्टकार्ड कसं देणार? उद्या कुणी विचारलं तर? त्यांनी गुंजीला कळवून टाकलं की यापुढे कार्ड माझ्या नावावर पाठवा. तेव्हापासून आक्काची कार्डं 'भीमाप्पा पोस्टमन, खोली बारा' या पत्त्यावर येऊ लागली आणि कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, 'मालूस वाचून दाखवणे'. म्हणजे मालुबाईचं नाव टपालातून जे गेलं ते गेलंच.

चिकोडीहून परत आल्यावर संघाची बैठक गुरुजींच्या खोलीत भरली. भीमाप्पांनी काही न लपवता सगळं सांगितलं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "भीमाप्पा, नीट ऐका," ते म्हणाले. "आपल्या सगळ्यांची मदार तुमच्या शब्दावर आहे. तुम्ही उठून सांगितलंत की मी एकदा खोटा शेरा मारला, तर तो वकील म्हणेल, मग यादी खरी कशावरून? एका खोलीपायी एकतीस खोल्या जातील. तुम्ही काही बोलू नका. मालुबाईंची सोय आपण सगळे मिळून कुठेतरी बघू."

"कुठं बगनार?" भीमाप्पांनी विचारलं.

रविराज म्हणाला, "अण्णा, माजी दोन पोरं हायत. तुमी बोललासा तर मी कुठं जाऊ?" त्यातही खोटं काही नव्हतं. गुरुजी वाईट माणूस नव्हेत, रविराजही नव्हे. प्रत्येकाला आपलं छप्पर हवं होतं.

मालुबाई दाराशी उभी होती. तिला आत बसा म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "माजं नाव काडा यादीतनं. मी गुंजीला जातो."

सगळ्यांना जरा हायसं वाटलं. भीमाप्पांना तेवढं वाटलं नाही, कारण गुंजीला कुणी उरलं नाही हे चाळीत त्यांनाच पक्कं ठाऊक होतं. आक्का चार वर्षांमागे गेली. शेवटचं कार्ड तिच्या नवऱ्याचं होतं, आणि ते वाचायच्या आधी भीमाप्पांनी पाणी मागितलं होतं. पुढे तोही गेला आणि घराला कुलूप लागलं.

सुलाबाईंनी त्या संध्याकाळी भाकरी वाढली आणि समोर बसल्या. एरवी त्यांचं तोंड दिवसभर चालतं, त्या दिवशी त्या हळू बोलल्या. "अवं, ती हितं असताना ती न्हाय असं एकदा तुमी लिवलं. आता समदी चाळ मिळून तेच लिवाय लागलीया. येवडाच फरक, की तवा तिला वाचवायला लिवलंतं."

भीमाप्पांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

दुसऱ्या सुनावणीला सगळे एकाच एसटीने चिकोडीला गेले. भीमाप्पांनी मालुबाईला निरोप धाडला होता की कार्डांची तार घेऊन ये. ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तार घेऊन आली आणि मागच्या बाकावर एका कडेला बसली.

मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं, यादीबद्दल आणखी काही सांगायचं आहे का. भीमाप्पा उठले. गुरुजींनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. भीमाप्पांनी ती हळूच सोडवून घेतली आणि कन्नडमध्येच बोलले.

"त्या लखोट्यावरचा शेरा माझा आहे. तो खोटा आहे. मी तो लिहिला तेव्हा ही बाई माझ्यासमोर बसली होती."

वकील उठलाच. "अडतीस वर्षांत असे किती खोटे शेरे मारलेत?"

"एक."

"आणि ते आम्ही का मानायचं?"

"मानू नका," भीमाप्पा म्हणाले. "मी खोटं लिहू शकतो हे मी आत्ताच सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, कार्डं बघा."

मॅडमनी तार पुढे घेतली. खालची कार्डं मालुबाईच्या नावाची, चौऱ्याण्णवच्या जूननंतरची सगळी भीमाप्पांच्या नावाची. प्रत्येकावर निपाणीच्या पोस्टाचा गोल शिक्का, तारीख. वकील म्हणाला, ही तर याच माणसाला आलेली पत्रं आहेत. मॅडमना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी दोन हजार एक सालचं एक कार्ड तारेतून सोडवून भीमाप्पांच्या हातात दिलं. "वाचा."

भीमाप्पांनी चष्मा लावला. आवाज फेरीवरचाच होता.

"चिरंजीव मालूस आक्काचा आशीर्वाद. तुझ्या खोलीच्या मागच्या भिंतीतून पाणी येतंय असं कळवलंस, तर आतून पोतं लाव..."

"...आनि मालकाला काय सांगू नको," मागच्या बाकावरून आवाज आला.

कार्डावर पुढे तेच होतं. मालुबाईला आपण बोललो याचं भान नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते. "लावणी आटपली. तुजी आटवन येती. येकटी हाईस म्हनून जीव थाऱ्यावर न्हाय, पन अण्णा आनि वैनी हायत म्हनून धीर हाय."

भीमाप्पांनी कार्ड खाली केलं. वाचायला काही उरलंच नव्हतं.

मॅडमनी दुसरं कार्ड काढलं, नव्व्याण्णवचं. ते त्यांनी भीमाप्पांना दिलं नाही. मराठी येणाऱ्या आपल्या कारकुनाला बोलावलं आणि फक्त पहिली ओळ वाचायला सांगितली. कारकुनाने वाचली. मालुबाईने बाकीचं म्हटलं, शेवटच्या 'पोस्टमन अण्णांना नमस्कार'पर्यंत, आणि कारकून कार्डाशी ताडून मान डोलवत गेला. तिसरं कार्ड दोन हजार आठचं. तेही तसंच. चौथ्या कार्डाला मालुबाई रडायला लागली, कारण आक्काचा आवाज तिला चार वर्षांत ऐकायला मिळाला नव्हता, मग तो आवाज कारकुनाचा का असेना. मॅडमनी कार्डं पुन्हा तारेत ओवायला सांगितली. ओळीने, तारखेप्रमाणे.

पण जे व्हायचं ते झालंच. वकिलाने बाकी यादीवर आक्षेप घेतला आणि मॅडमना तो मान्य करावा लागला. साक्षीदाराने स्वतःच खोटी नोंद कबूल केली आहे, तेव्हा त्याच्या शब्दावर काही ठरवता येणार नाही. प्रत्येक खोलीने तीन महिन्यांत आपापला पुरावा आणावा.

परतीच्या एसटीत भीमाप्पांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. सुलाबाई पुढच्या बाकावरून उठून तिथे येऊन बसल्या.

ते तीन महिने चाळ नुसती धुंडाळत होती. शाळेचे दाखले, दवाखान्याची कार्डं, लग्नपत्रिका, कुणाच्या ट्रंकेच्या तळाला घातलेला जुना कागद. ज्यांना मिळेना त्यांच्यासाठी भीमाप्पा शाळांच्या आणि दवाखान्यांच्या दारात तासन् तास उभे राहिले, जुनी रजिस्टरं उघडायला लावली. तरी बोलणी खाल्लीच. संघाने त्यांच्याकडून चिटणीसपद काढून घेतलं. शिक्का आणि शाईचा पॅड द्यायला ते गुरुजींकडे गेले, तेव्हा गुरुजी नुसतं "ठेवा तिथे" म्हणाले. मग जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रविराज आजही बाजारात मान वळवून जातो. त्याच्या खोलीचा पुरावा भीमाप्पांनीच शोधून दिला, पण त्याने काय होतं? भीमाप्पा मनातल्या मनात 'खोली सात' म्हणतात आणि पुढे होतात.

गेल्या फेब्रुवारीत दुपारच्या वेळी अंगणात मोटारसायकल थांबली. नवी पोस्टमन मुलगी. पाठीला बॅग, हातात मोबाइल. "खोली एकोणीस? मालुबाई? रजिस्टर हाय," ती म्हणाली.

मालुबाई दारातच थबकली. हात मागे घेतले. मग अंगणात ऊन खात बसलेल्या भीमाप्पांकडे बघून म्हणाली, "अण्णा, हिला सांगा की, ती बाई गेलीया म्हनून लिव."

चाळीतले दोघं-तिघं हसले. भीमाप्पाही हसले, पण उठून जवळ आले. "घे, मालू," ते म्हणाले.

"काय आसंल?"

"काय बी असू दे. तू हाईस. घे."

मुलीने मोबाइल पुढे केला आणि बोटाने सही करायला सांगितलं. मालुबाईने काचेवर एक वेडीवाकडी रेघ ओढली. आयुष्यात पहिल्यांदा तिने रजिस्टर घेतलं. लखोटा तिने फोडला नाही, तसाच भीमाप्पांकडे दिला.

हुकूम कन्नडमध्ये होता. बत्तीस खोल्यांची यादी जोडलेली होती. भीमाप्पांनी बोट फिरवत एकोणिसावी ओळ काढली आणि मराठीत सांगितली. "खोली क्रमांक एकोणीस. मालुबाई रवळू पाटील. सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून सलग रहिवास."

"सलग म्हंजे?"

"म्हंजे मधी कुटंबी गेली न्हाईस."

मालुबाईने उंबऱ्यावर बैठक मारली आणि पदर सारखा केला. आक्काचं कार्ड आलं की ती अशीच बसायची.

"परत येकदा वाचा, अण्णा," ती म्हणाली.

भीमाप्पांनी चष्मा सारखा केला आणि एकोणिसावी ओळ पहिल्यापासून वाचायला घेतली.